शेवटचा हप्ता कोणाचा?

राहण्यासाठी घर मिळणे ही अल्लाहची फार मोठी देणगी आहे. सूरह अन्-नहलमध्ये (१६:८०) अल्लाहने आपल्या उपकारांची गणना करताना घराचा उल्लेख विश्रांतीचे व स्वस्थतेचे ठिकाण म्हणून केला आहे. गळके छत दुरुस्त करणे, वाढत्या कुटुंबासाठी एखादी खोली वाढवणे, वृद्ध आई-वडिलांसाठी खालच्या मजल्यावर न्हाणीघर बांधणे, ही सर्व कामे चांगल्या हेतूने केली तर ती नेकीचीच कामे आहेत. परंतु अनुभव असा आहे की, सुखासाठी हाती घेतलेल्या याच कामातून कधी कधी असे वैर जन्माला येते, की ते घराच्या भिंतींपेक्षाही अधिक काळ टिकते.

अंबडसारख्या तालुक्याच्या गावी ही गोष्ट विशेष बोचते. येथे गुत्तेदार परका नसतो. तो त्याच मोहल्ल्यातला, कधी दूरच्या नात्यातला, जुम्याच्या नमाजमध्ये त्याच सफेत उभा राहणारा असतो. किंवा पिढ्यान्पिढ्या ओळखीच्या असलेल्या शेजारच्या हिंदू बांधवाचा मुलगा असतो. काम संपत येते, रंगाचा शेवटचा हात फिरतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात छताला ओल येते. न्हाणीघराची फरशी टकटक केल्यावर पोकळ वाजते. पाणी मोरीकडे न जाता उंबरठ्याकडे येते. मालक म्हणतो, एक रुपयाही देणार नाही. गुत्तेदार म्हणतो, माझे पैसे बुडवले. मग चहाच्या टपरीवर, दावतीत, मशिदीच्या दारात दोन्ही बाजूंच्या कहाण्या सुरू होतात आणि सलाम बंद होतो.

बंधू-भगिनींनो, अशा वेळी आपण सहसा एवढेच विचारतो की चूक कोणाची? प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. खरा कठीण प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समोरच्याची चूक सिद्ध झाली असे क्षणभर मानले, तरी तुमच्या कपाटात असलेला तो शेवटचा हप्ता कोणाचा आहे? तो सगळा तुमचा झाला काय?

दोन हक्क, दोन जबाबदाऱ्या

सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना आपले करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे. हा आदेश दोघांनाही आहे. गुत्तेदाराने ठरल्याप्रमाणे काम द्यायचे आणि मालकाने ठरल्याप्रमाणे मोबदला.

मोबदल्याच्या बाबतीत इस्लामची शिकवण किती कडक आहे, हे आपण जाणतोच. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. बुखारी शरीफमधील एका हदीसनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः तीन प्रकारच्या माणसांविरुद्ध वादी म्हणून उभा राहील. त्यांपैकी एक म्हणजे मजूर लावून त्याच्याकडून पूर्ण काम करून घेणारा आणि मजुरी न देणारा. ज्या खटल्यात वादी खुद्द सर्वसाक्षी अल्लाह असेल, त्या खटल्यात कोणता वकील उपयोगी पडणार?

परंतु याच हदीसमध्ये पूर्ण काम करून घेतल्याची अट आहे, हेही ध्यानात घ्यावे. काम अर्धवट किंवा निकृष्ट असेल तर मालकाला तक्रार करण्याचा अधिकार आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) विक्रेत्याला जाब विचारला आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही अशा अर्थाचा इशारा दिला, ही घटना सहीह मुस्लिममध्ये आहे. वर कोरडे आणि आत ओले धान्य, तसेच वर गुळगुळीत पुट्टी आणि आत भुसभुशीत गिलावा. निकृष्ट काम झाकून पूर्ण दाम मागणे ही त्याच जातीची फसवणूक आहे.

तेव्हा हक्क दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. सूरह अल्-आराफमध्ये (७:८५) हजरत शुऐब (अ.) आपल्या समाजाला माप-तोल पुरे करण्यास सांगतात आणि लोकांना त्यांच्या वस्तू कमी करून देऊ नका असे बजावतात. सिमेंटच्या पोत्यात कपात करणारा गुत्तेदार लोकांची वस्तू कमी करतो. आणि एका गळतीचे निमित्त करून चार महिन्यांच्या कष्टाचा मोबदला अडवणारा मालकही लोकांची वस्तू कमीच करतो.

पैसा हातात असणे म्हणजे पैसा आपला असणे काय?

येथे मालक म्हणेल, त्याने माझे नुकसान केले, त्याची रक्कम माझ्याकडे आहे, मग मी ती का सोडू? फकीहांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. ज्याचा हक्क बुडाला आहे, त्याच्या हाती बुडवणाऱ्याचा माल आला, तर त्यातून त्याने स्वतःच आपला हक्क वसूल करावा काय?

या चर्चेत दोन हदीस समोर ठेवल्या जातात. हजरत हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी तक्रार केली की, पती अबू सुफियान (रजि.) घरखर्चाला पुरेसे देत नाहीत. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना रूढ रीतीप्रमाणे स्वतःला व मुलांना पुरेल इतके घेण्याची परवानगी दिली (बुखारी, मुस्लिम). दुसरी हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. तिचा आशय असा की, ज्याने विश्वासाने तुमच्याकडे अमानत ठेवली त्याला ती परत करा आणि ज्याने तुमचा विश्वासघात केला त्याचा तुम्ही विश्वासघात करू नका. पहिल्या हदीसच्या आधारे हनफी व शाफई फकीहांनी अटींसह अशा वसुलीस परवानगी दिली, तर दुसरीच्या आधारे हनबली पंथाच्या प्रसिद्ध मताने ती नाकारली.

मतभेद खरा आहे, पण एका मुद्द्यावर सर्वांचे एकमत आहे. ज्यांनी परवानगी दिली, त्यांनीही हक्कापेक्षा एक दिरहमही अधिक घेण्याची मुभा दिलेली नाही. हिंद (रजि.) यांना मिळालेली परवानगी ‘पुरेल इतके’ एवढ्यापुरतीच होती. पतीच्या कंजूषपणाची शिक्षा म्हणून त्याची तिजोरी रिकामी करण्याची ती परवानगी नव्हती.

या एकमतातून आपल्या विषयाचा नियम स्पष्ट होतो. दोषाइतके कापावे, रागाइतके कापू नये. दोष दूर करण्यास जितका खर्च येईल तितकी रक्कम तुमच्या हक्काची. उरलेली रक्कम तुमच्या कपाटात असली तरी ती गुत्तेदाराची आहे आणि तुम्ही केवळ तिचे अमानतदार आहात. ऐपत असूनही देणे लांबवणे हा जुलूम आहे, अशी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. गुत्तेदाराने केलेल्या जुलूमामुळे तुमचा जुलूम हलाल ठरत नाही.

आपल्याच खटल्यातील न्यायाधीश

दोषाइतके कापावे हे म्हणणे सोपे आहे, पण दोष किती हे ठरवणार कोण? ज्याच्या हाती पैसा असतो, तोच वादी होतो, तोच साक्षीदार होतो आणि तोच निकालही देतो. न्यायाधीशाने रागाच्या भरात दोन पक्षांचा निवाडा करू नये, अशी प्रेषितांची (स.) आज्ञा आहे. ओल आलेल्या छताखाली बादली ठेवून बसलेला माणूस रागावलेला नसेल तर काय असेल? त्याचा राग समजण्यासारखा आहे, पण त्या अवस्थेत तो न्यायाधीश होण्यास पात्र नाही.

हजरत उमर (रजि.) यांच्या संदर्भात इतिहासग्रंथांत एक प्रसंग नमूद आहे. त्यांनी एका घोड्याचा सौदा केला. स्वारी करून पाहताना घोड्याला इजा झाली. त्यांना घोडा परत करायचा होता आणि विक्रेता घेण्यास तयार नव्हता. खलीफा असूनही त्यांनी निकाल स्वतः दिला नाही. दोघांनी शुरैह यांना पंच नेमले. शुरैह यांचा निर्णय असा होता की, एकतर घेतलेला घोडा ठेवून घ्यावा, नाहीतर जसा घेतला होता तसाच परत करावा. निकाल खलीफाच्या विरुद्ध गेला. हजरत उमर (रजि.) त्या न्यायबुद्धीवर इतके प्रसन्न झाले की त्यांनी शुरैह यांना कूफाचे काजी नेमले. ज्यांच्या हाती साम्राज्याची सत्ता होती, त्यांनी आपल्या व्यवहारात तिसरा माणूस स्वीकारला. मग आपल्या हाती केवळ एक हप्ता आहे, तर आपण का स्वीकारू नये?

तिसऱ्या माणसाचा निवाडाही अंतिम नाही, हे विसरू नये. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा की, लोक आपले तंटे प्रेषितांकडे (स.) आणतात. त्यांतील एखादा बोलण्यात अधिक चतुर असतो आणि ऐकलेल्या बाजूवर निकाल दिला जातो. परंतु अशा निकालाने ज्याला आपल्या भावाचा हक्क मिळाला, त्याला जणू आगीचा तुकडाच मिळाला. पंचांना पटवून देणे आणि अल्लाहपुढे खरे ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोषाचे माप

आता प्रत्यक्ष कामाकडे पाहू. सर्व दोष एका जातीचे नसतात आणि सर्वांची जबाबदारी एकाच माणसावर येत नाही.

पहिला प्रकार उघड लबाडीचा. ठरलेली सळई न वापरता कमी जाडीची वापरली, सिमेंटचे प्रमाण घटवले, वॉटरप्रूफिंगचे पैसे घेऊन नुसता चुन्याचा हात मारला. याची पूर्ण भरपाई गुत्तेदारावर येते आणि गुनाहही त्याचाच.

दुसरा प्रकार अकुशलतेचा. हेतू वाईट नव्हता, पण ढाळ चुकला, फरशीखाली माल नीट बसला नाही. येथे गुनाह नसला तरी जबाबदारी राहते. फिकहमध्ये रोजंदारीवर एकाच मालकाचे काम करणारा आणि अनेकांची कामे अंगावर घेणारा कारागीर यांच्यात फरक केलेला आहे. दुसऱ्या प्रकारच्या कारागिराच्या हातून काम करताना वस्तू बिघडली, तर हनफी मताप्रमाणे तो सामान्यतः भरपाईस जबाबदार ठरतो. हजरत अली (रजि.) कारागिरांना जबाबदार धरत आणि त्यावाचून लोकांचे व्यवहार सुरळीत राहणार नाहीत असे म्हणत, अशी नोंद आहे. आपला गुत्तेदार याच वर्गात मोडतो.

तिसरा प्रकार पसंतीचा. रंगाची छटा मनासारखी आली नाही, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराचा ओटा आपल्यापेक्षा सुंदर दिसतो. करारात जे ठरलेच नव्हते, त्याची कपात करता येत नाही.

चौथा प्रकार सर्वांत अवघड, कारण त्यात मालकाचाही वाटा असतो. आपल्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. उथळ पायावर उभ्या असलेल्या जुन्या घराला अशा जमिनीवर तडे जातात. तेथे नव्या गिलाव्याला गेलेला तडा हा गिलाव्याचाच दोष असेल असे नाही. पाया मजबूत करण्याचा सल्ला गुत्तेदाराने दिला होता आणि खर्च वाचवण्यासाठी तुम्ही तो नाकारला होता काय? काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंट वापरल्यास किंवा कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस ओलावा मिळाला पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते. पाणी पुरवण्याचे तुम्ही कबूल केले होते, टँकर वेळेवर आला नाही आणि स्लॅब कोरडा राहिला, तर त्या स्लॅबच्या तड्यांचा हिशोब कोणाच्या नावावर मांडायचा?

काम ठरल्याहून वेगळे झाले असेल तर काय करावे, याबद्दल ‘हिदाया’ या प्रसिद्ध हनफी ग्रंथात शिंप्याचे उदाहरण आहे. शिंप्याला कमीज शिवायला सांगितली आणि त्याने झगा शिवला, तर मालकाने एकतर कापडाची किंमत घ्यावी, किंवा झगा ठेवून घेऊन अशा कामाची बाजारात जी मजुरी असेल ती द्यावी. मात्र ती ठरलेल्या मजुरीहून अधिक नसावी. कपडाही ठेवायचा आणि मजुरीही द्यायची नाही, असा तिसरा पर्याय तेथे नाही. तुम्ही त्या खोलीत राहत असाल, त्या ओट्यावर स्वयंपाक करत असाल, तर तुम्ही काम स्वीकारले आहे. मग त्याचे योग्य मोलही द्यावे लागेल.

जगातील इतर न्यायव्यवस्थाही विचार करता करता अशाच निष्कर्षाजवळ आल्या आहेत. १९५२ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे होनिग विरुद्ध आयझॅक्स हा खटला आला. एका सदनिकेच्या सजावटीचे व फर्निचरचे काम ७५० पौंडांना ठरले होते. मालकाने ४०० पौंड दिले आणि दोष दाखवून उरलेले ३५० पौंड अडवले. दोष दुरुस्त करण्याचा खर्च सुमारे ५६ पौंड निघाला. तेवढी रक्कम वजा करून बाकीचे पैसे द्यावेत, असा निकाल झाला. उलट १९७२ च्या बोल्टन विरुद्ध महादेवा या खटल्यात घर उबदार ठेवण्याची यंत्रणा ५६० पौंडांत बसवली होती. ती धड उष्णता देईना, घरात धूर सोडी आणि दुरुस्तीला १७४ पौंड लागणार होते. तेथे काम मुळात पूर्णच झाले नाही असे ठरवून न्यायालयाने ठेकेदाराला काहीही दिले नाही. किरकोळ दोष आणि मुळावरच घाव घालणारा दोष यांतील हा फरक आपणही केला पाहिजे. गळणाऱ्या नळासाठी संपूर्ण हप्ता अडवणे अन्याय आहे, तसेच कोसळू पाहणाऱ्या स्लॅबचे पूर्ण पैसे मागणेही अन्यायच.

एक हिशोब मांडून पाहू. समजा, अंबडमधील एका कुटुंबाने ४,००,००० रुपयांचे काम दिले. ३,२०,००० रुपये दिले गेले, ८०,००० बाकी आहेत. दुसऱ्या दोन मिस्त्रींकडून अंदाज घेतला. छताच्या गळतीला २२,०००, न्हाणीघराच्या पोकळ फरशीला ९,००० आणि गिलाव्याच्या तड्यांना ४,००० असा एकूण ३५,००० रुपये खर्च येतो. मग वाद फक्त ३५,००० रुपयांचा आहे. उरलेल्या ४५,००० रुपयांबद्दल वादच नाही; ते आजच दिले पाहिजेत. आणि ३५,००० कापण्यापूर्वीही गुत्तेदाराला स्वतः दुरुस्ती करून देण्याची एक संधी, ठरावीक मुदतीसह, द्यावी. आपल्या हातचे काम सुधारण्याची संधी मागणे हा त्याचाही हक्क आहे.

हप्त्यामागे उभे असलेले लोक

शेवटचा हप्ता अडतो तेव्हा तो एकट्या गुत्तेदाराचा अडत नाही. त्यामागे सेंट्रिंगवाला असतो, फरशी बसवणारा असतो, वाळू-खडीचा व्यापारी असतो आणि डोक्यावर घमेले वाहणारी बाई असते. तिने ढाळ चुकवलेला नाही. तिने सांगितले तिथे माल टाकला. रोजंदारीवरील मजुराने वेळ दिला आणि सांगितलेले काम केले की त्याची मजुरी देय होते. जाणूनबुजून नासाडी केल्याशिवाय तो बिघाडास जबाबदार नसतो. म्हणून कोणाची रोजी राहिली आहे, हे आधी विचारा. गुत्तेदाराशी वाद मिटेपर्यंत त्यांची चूल थांबू शकत नाही. त्यांची बाकी गुत्तेदाराच्या संमतीने थेट त्यांच्या हाती देऊन ती हिशोबात धरता येते.

पैसे संपले म्हणून दोष सापडले काय?

येथे प्रत्येकाने आपल्या अंतःकरणाला विचारावा असा एक प्रश्न आहे. काम वाढत गेले, खिडकी मोठी केली, जादा कपाट केले, मध्येच मुलीचे लग्न ठरले आणि पैसे संपले. मग शेवटच्या हप्त्याच्या वेळी एकाएकी दोष दिसू लागले. हे दोष खरे असतीलही, पण पैसे हाती असते तर ते इतके मोठे दिसले असते काय? अडचण असेल तर अडचण म्हणून सांगावी. सूरह अल्-बकरामध्ये (२:२८०) तंगीत असलेल्या देणेकऱ्याला सवलत देण्याची शिकवण आहे. मुदत मागण्यात कमीपणा नाही. तंगी झाकण्यासाठी दुसऱ्याच्या कारागिरीला बदनाम करण्यात मात्र मोठा गुनाह आहे.

कुरैशांनी काबागृहाची पुनर्बांधणी केली, तेव्हा त्यांनी अशी अट घातली होती की या बांधकामात अन्यायाने मिळवलेला पैसा लागू नये. शुद्ध कमाईचा पैसा अपुरा पडला, म्हणून त्यांनी इमारत आखूड केली आणि एक भाग बाहेर सोडला. आज हजला जाणारा प्रत्येक यात्रेकरू ‘हतीम’ म्हणून तो अर्धवर्तुळाकार भाग पाहतो. ते लोक त्या वेळी मूर्तिपूजक होते. तरीही त्यांनी अशुद्ध पैशाने इमारत पूर्ण करण्यापेक्षा ती लहान ठेवणे पसंत केले. आपण तर ईमानवाले. दुसऱ्याच्या अडवलेल्या मजुरीवर पूर्ण केलेल्या खोलीत मुसल्ला अंथरताना आपल्या मनाला काय वाटले पाहिजे?

गुत्तेदार बंधूंना दोन शब्द

हे वाचणाऱ्यांत कारागीर व गुत्तेदार बंधूही असतील. सूरह अल्-कससमध्ये (२८:२६) हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याची शिफारस करताना त्या सुशील कन्येने दोन गुण सांगितले आहेत, सामर्थ्य आणि विश्वासूपणा. नुसता हात कुशल असून भागत नाही. भिंतीच्या आत काय गेले हे मालकाला कधीच दिसत नाही, ते तुम्हाला आणि अल्लाहलाच ठाऊक असते. एकाच वेळी तीन ठिकाणची उचल घेऊन तिन्हीकडे काम अर्धवट ठेवणे, जादा कामाचा दर काम झाल्यावर सांगणे, चूक मजुरावर ढकलणे, या सवयींनी कमाईतील बरकत जाते. दोष दाखवला की आवाज चढवण्याऐवजी जाऊन पाहावे. दोष आपला असेल तर मान्य करावा. बाजारात अशा माणसाचे नाव मोठे होते आणि आखिरतमध्ये त्याची झोळी हलकी राहत नाही.

तडजोडीचा मार्ग

मशीद-ए-नबवीत एकदा हजरत कअब बिन मालिक (रजि.) आणि इब्ने अबी हदरद (रजि.) यांचे कर्जावरून भांडण झाले व आवाज चढले. प्रेषित (स.) आपल्या हुजऱ्याचा पडदा दूर करून बाहेर आले आणि कअब (रजि.) यांना हाताच्या खुणेने निम्मे सोडण्यास सुचवले. त्यांनी तत्काळ मान्य केले. मग प्रेषितांनी (स.) दुसऱ्याला सांगितले, उठा आणि बाकीचे फेडा. या घटनेत दोन धडे आहेत. एकाने सोडले आणि दुसऱ्याने लगेच दिले. आपल्याकडील तडजोडी बहुधा दुसऱ्या पायरीवर मोडतात; सूट घेतली जाते आणि उरलेले पैसे पुन्हा रखडतात.

म्हणून वाद झाल्यास पुढील क्रम धरावा. प्रथम दोषांची यादी दोघांनी मिळून, जागेवर उभे राहून लिहावी. निर्विवाद रक्कम लगेच द्यावी. विवादित रक्कम दोघांच्या विश्वासातील तिसऱ्या व्यक्तीकडे ठेवावी, म्हणजे मालकाला पैसे गेल्याची आणि गुत्तेदाराला पैसे बुडाल्याची भीती राहणार नाही. बांधकामाची जाण असलेला एक आणि व्यवहाराची जाण असलेला एक असे दोन पंच घ्यावेत; ते मुसलमानच असावेत असे नाही, जाणकार व प्रामाणिक असावेत. हिजरतच्या नाजूक प्रवासात प्रेषितांनी (स.) मोबदला देऊन जो वाटाड्या घेतला, तो अब्दुल्लाह बिन उरैकित मुसलमान नव्हता; तो वाट जाणणारा व विश्वासू होता. न्यायाचा हा नियम गुत्तेदार कोणत्याही धर्माचा असला तरी तोच राहतो. कोणाशी असलेल्या वैराने तुम्हाला अन्यायास प्रवृत्त करू नये, असे सूरह अल्-माइदा (५:८) स्पष्ट सांगते.

हे सर्व करूनही समोरचा ऐकत नसेल, तर कायद्याकडे जाणे गैर नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मोबदला देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते; त्यासाठी सामान्यतः दोन वर्षांची मुदत आहे. हक्क मागणाऱ्याला बोलण्याचा अधिकार आहे, हेही प्रेषितांचेच (स.) वचन आहे. मात्र सूरह अल्-बकरामधील (२:१८८) ताकीद विसरू नये. दुसऱ्याचा माल गिळण्यासाठी अधिकाऱ्यांचा व न्यायाधीशांचा वापर करणे निषिद्ध आहे.

आधीच लिहून ठेवा

दिव्य कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) नमाज किंवा रोजाविषयी नाही. ती देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. तरीही आपण लाखोंची बांधकामे तोंडी बोलीवर देतो आणि लिहा म्हटले की विश्वास नाही काय, असे विचारतो. लिहिणे अविश्वासाचे लक्षण असते, तर अल्लाहने श्रद्धावंतांना त्याची आज्ञा दिली नसती.

कागदावर कोणकोणती कामे, कोणत्या दर्जाच्या मालात, किती चौरस फूट, कोणत्या दराने हे असावे. पाणी व वीज कोण देणार, जादा कामाचा दर काय, हप्ते कोणत्या टप्प्यावर आणि वाद झाल्यास पंच कोण, हेही असावे. एक पावसाळा जाईपर्यंत काही रक्कम राखून ठेवायची असेल, तर तेही आधीच संमतीने ठरवावे. मुसलमान आपल्या अटींनी बांधलेले असतात, असे हदीसमध्ये आले आहे. आधी ठरवून राखलेली रक्कम ही अट असते. काम झाल्यावर एकतर्फी अडवलेली रक्कम मात्र बळजबरी ठरू शकते. रक्कम तीच, पण एका ठिकाणी संमती आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. सूरह अन्-निसामध्ये (४:२९) परस्परांचा माल खाण्याचा वैध मार्ग म्हणून परस्पर संमतीच्या व्यवहाराचाच उल्लेख आहे.

प्रिय वाचकहो, सूट देणे हा उपकार आहे. तो कोणी करावा अशी सक्ती नाही. न्याय मात्र सर्वांवर बंधनकारक आहे. तुमच्या घराचे काम नुकतेच संपले असेल आणि कोणाची बाकी तुमच्याकडे असेल, तर आज कागद-पेन घेऊन बसा. एका बाजूला खरे दोष आणि त्यांचा खरा खर्च लिहा, दुसऱ्या बाजूला बाकी लिहा. वजाबाकी करून जे उरेल ते, पुढच्या जुम्यापूर्वी, ज्याचे आहे त्याच्या हाती द्या आणि दोन साक्षीदारांसमोर पावती घ्या.

अल्लाह आपल्या सर्वांची घरे हलाल कमाईने उभी करो, आपल्या हातून कोणाचा हक्क बुडू न देवो आणि ज्यांचे हक्क आपल्याकडे राहिले आहेत ते याच जीवनात चुकते करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.